माझ्या बाजूचा मासा

मुआन, दक्षिण कोरिया, ९ मार्च १९७५

ओकबून ताई,

पाकिटावर मुआन बघून कपाळाला हात लावू नकोस. कोळशाच्या खाणीतून मी पळालो नाही, मुकादमाने हाकललं. या दोन्हींत फरक आहे, आणि आईला लिहिशील तेव्हा तो नीट लिही. बसमधली नोकरी मात्र मीच सोडली हे खरं. दिवसभर दाराला लटकून "आत सरका, आत सरका" ओरडायचं आणि संध्याकाळी उतरायचं कुठे, तर सकाळी चढलो तिथेच. असल्या प्रवासाला काय अर्थ आहे? तू निदान जर्मनीला पोचलीस तरी.

सध्या मी एका भांड्यांच्या भट्टीवर आहे. आलो होतो ट्रकवर भांडी चढवायला. चढवता चढवता ओसरीवर बघतो तर एक बाई मांडीत वाडगा घेऊन बसलेली. वाडग्याची माती करडी, जवळजवळ काळी, आणि वरून पांढऱ्या मातीचा पातळ लेप. बाईने बांबूची टोकदार काडी घेतली आणि त्या पांढऱ्यावर ओढली. करकर आवाज आला आणि पांढऱ्यातून काळी रेघ उगवली. आठवतं, होडीवर बर्फ पडलं की आपण बोटाने नावं लिहायचो आणि खालची काळी फळी दिसायची? तसं. फक्त इथे खराटा घेऊन अप्पा येत नाहीत.

मी बघत उभा राहिलो. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला, मग शिवी दिली, मग गेला.

"ए, तुझी गाडी गेली," बाई म्हणाली.

"जाऊ दे. काकू, हे मला शिकवाल?"

"आधी नाक पूस."

त्या बाईला सगळे दाम्यांगकाकू म्हणतात, कारण तिचं माहेर दाम्यांगचं, आणि तिथला बांबू सोडून दुसरी कुठली काडी ती हातात धरत नाही. भट्टीचे मालक बान उस्ताद. ते चाकावर बसतात आणि दिवसाला फार तर चार वाक्यं बोलतात. मला त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "गाव कुठलं?" मी सांगितलं, सोल्जिन, पूर्वेचा किनारा. म्हणाले, "म्हणजे पलीकडच्या टोकाहून आलास. तिथे काय करत होतास?" म्हटलं, होडीवर होतो, समुद्र लागतो मला. "बरं," म्हणाले, "माती हलत नाही."

तर मी राहिलोय. अप्पांना सांगू नकोस. किंवा सांग. तू काय सांगशील ते त्यांना आधीच माहीत असतं.

तुझा
दुसोक


मुआन, १८ मे

ताई,

तुझं पत्र मिळालं. तिकडचा पाव इतका कडक आहे तर सूपमध्ये बुडव. यात लाजायचं काय? म्हाताऱ्या पेशंटच बुडवतात असं नसतं.

तू विचारतेस, ओरखडे काढायला शिकायचं काय असतं, मांजरही काढतं. मीही तेच समजलो होतो. पहिल्याच दिवशी घाई केली. लेप अजून ओला होता. काडी ओढली तर पांढरी माती लोण्यासारखी काडीच्या पुढे गोळा होत गेली, रेघेच्या दोन्ही कडांना भुसाच भुसा. काकू ओरडली, "भाताची खरवड काढतोयस काय!" म्हणून दुसरा वाडगा उन्हात ठेवला, लवकर सुकावा म्हणून. तो एका बाजूने तडकून हसला, चांगला तळापर्यंत. तिसऱ्या वेळी इतका थांबलो की काडी लावताच लेपाचे टवके उडाले.

मग काकूने युक्ती दाखवली. ती वाडगा उचलून गालाला लावते. तू तापाच्या पोराचं कपाळ बघतेस ना, तसं. गार आणि ओलसर लागला तर अजून वेळ आहे. नुसता गार लागला तर आत्ता, लगेच, हातातला चहा ठेवून. गार लागलाच नाही तर संपलं. मी म्हटलं, काकू, माझा गाल उन्हात भाजलेला, त्याला सगळंच गार लागतं. म्हणाली, "मग ओठ लाव. कधी तरी कुणाला लावलेस का?" ओसरीवरच्या सगळ्या बायका खिदळल्या. ताई, इथे मान वर करून चालायची सोय नाही.

आता रेघ येते. सरळ रेघ, गवताचं पातं, पाण्याच्या लाटा. लाटा चांगल्या येतात म्हणतात. येणारच, ओकाऱ्या काढत इतकी वर्षं त्याच बघितल्या.

परवाची गंमत सांगतो. दुपारच्या जेवणाला भाजलेला बांगडा होता. वरची बाजू खाऊन झाली आणि काकूने जेवणाच्या काड्यांनी मासा उचलून सरळ उलटा केला. माझ्या तोंडून अशी किंकाळी फुटली की उस्तादांच्या हातातलं सूप सांडलं.

"काय झालं? काटा अडकला?"

"मासा उलटला तुम्ही!"

"मग खालची बाजू कोण खाणार, तुझा काका?"

मग मी सांगितलं, आमच्याकडे ताटातला मासा उलटला की कुणाची तरी होडी उलटली म्हणून समजतात. वरचं खायचं, मधला काटा उचलून काढायचा आणि मग खालचं खायचं. मासा आहे तसाच राहतो. पाहुण्याने चुकून उलटला तर अप्पा भरल्या ताटावरून उठायचे आणि तीन दिवस होडी काढायचे नाहीत. काकूने ऐकून घेतलं आणि मासा पुन्हा सुलटा केला. "घे. आता बुडालेले वर आले असतील." सगळे हसले. मीही हसलो, पण त्या माशाला काही हात लावला नाही.

समुद्र सोडला तरी हे सुटत नाही बघ.

दुसोक


मुआन, २० जुलै

ताई,

तुझं पत्र वाचून आधी चिडलो, मग दोन दिवस फिरलो, मग पुन्हा वाचलं.

म्हणजे अप्पांची साठी ऑक्टोबरात आहे, आणि तुला सुट्टी मिळणार नाही. मंडप घालणार, सगळं बंदर जेवायला येणार. मुलाने पुढे जाऊन, नमस्कार घालून, दारूचा पहिला पेला भरून द्यायचा हे मलाही ठाऊक आहे. मुलगा एकच, तोही मी, हेही. पण तूच लिहितेस की अप्पा धक्क्यावर सगळ्यांदेखत म्हणाले, "मातीत हात घालणाऱ्याच्या हातचा पेला मी घ्यायचा नाही." मग मी जाऊन काय करू? भरलेली सुरई घेऊन गुडघ्यांवर बसायचं आणि त्यांनी पेला उचललाच नाही तर? शंभर नावाडी बघत बसणार. आई खाली मान घालणार. त्यापेक्षा मी इथेच बरा.

तू म्हणतेस, मी गेलो नाही तर तो पेला भरायला चुलतभाऊ पुढे होईल, आणि अप्पा त्याच्या हातचा घेतील, आणि मग कायमचं तसंच राहील. हे तू लिहायला नको होतंस. इतक्या लांबून इतकं नेमकं मारायचं हे तू इंजेक्शनं देऊन शिकलीस काय?

काकूला सांगितलं. ती म्हणाली, "जा की. नाही घेतला पेला तर स्वतः पिऊन टाक."

कामाचं सांगतो. रेघेच्या पुढचं शिकतोय, खरवडायचं. माशाची नुसती रेघ काढायची नाही. माशाच्या भोवतीचं पांढरं सगळं लोखंडी पट्टीने खरवडून टाकायचं, म्हणजे मासा पांढरा राहतो आणि भोवती काळं पाणी. मी अगदी मन लावून खरवडलं. दुपारभर. उस्ताद मागे येऊन उभे राहिले.

"मासा कुठाय?"

बघतो तर मी मासा खरवडून टाकला होता आणि पाणी ठेवलं होतं. पांढऱ्याशुभ्र समुद्रात माशाच्या आकाराचं भोक.

"निघून गेला," मी म्हटलं.

उस्ताद म्हणाले, "हुशार मासा." आणि ते भांडं त्यांनी फोडलं नाही. ओसरीवर ठेवलंय. त्यात काकू सुकवलेली मिरची ठेवते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की हे आमच्या नावाड्याने केलंय, जाळं रिकामं आलं.

दुसोक


मुआन, ६ सप्टेंबर

ताई,

मी जाणार आहे. तुझ्या पत्रामुळे नाही, फुशारून जाऊ नकोस.

उस्तादांनी मला एक चपटी सुरई दिली. स्वतः चाकावर काढून, दोन्ही बाजूंनी थापून चपटी केलेली, वर आखूड गळा. तिच्यावर पांढरा लेपही त्यांनीच चढवला, गवताच्या कुंच्याने, एका फटकाऱ्यात. कुंच्याच्या खुणा वाऱ्यासारख्या दिसतात. मला म्हणाले, "साठीला नेशील. दोन्ही अंगांवर तुझं तू काय ते कर." त्यांचं दिवसाचं बोलणं तिथेच संपलं.

इथल्या सुरयांवर मासे असतातच, नदीतले जाडे मासे, आडवे पोहणारे. पण माझ्या एक गोष्ट लक्षात आली, जी इथल्या कुणाच्या लक्षात यायची नाही. मासा आडवा असला की सुरई वाकवताना तो तोंडावर आपटतो. नाक खाली, शेपटी वर. होडी बुडताना असते तसा. अप्पांच्या समोर तसला मासा नाचवला तर पेला राहिला बाजूला, सुरईच माझ्या डोक्यात घालतील.

म्हणून मी मासा उभा काढला. शेपटी तळाला, तोंड गळ्याकडे. उस्ताद म्हणाले, "हा शेपटीवर का उभा आहे? सर्कशीतला आहे?" मी त्यांच्या शेजारी बसलो आणि रिकामी सुरई दारू ओतल्यासारखी हळूच वाकवली. मासा हळूहळू आडवा झाला. पोट खाली, पाठ वर, तोंड पेल्याकडे. पोहत पोहत पेल्यात जाणारा मासा! उस्ताद विडी ओढायचे थांबले. म्हणाले, "पुन्हा कर." मी पुन्हा केलं. त्यांनी मला आणखी एकदा करायला लावलं, आणि मग हसले. ताई, या माणसाला दात आहेत हे मला तेव्हा कळलं.

नदीतला मासा नाहीच घेतला. बांगडा घेतला, आपला. पाठीवरच्या वाकड्या पट्ट्या काडीने ओढल्या, एकेक, अप्पांना दाखवायच्या असल्यासारख्या. पोट पांढरंच ठेवलं. भोवतीचं पाणी खरवडलं, आणि या वेळी आधी माशावर बोट ठेवून स्वतःला बजावलं, हा ठेवायचा. गालाला लावून बघितली तर माती नेमकी हवी तशी गार होती. काकू भाचीच्या लग्नाला गेली होती, नाहीतर तिलाच बोलावून दाखवलं असतं.

एक अंग झाल्यावर कापडावर उलटी ठेवून दुसरं केलं. दोन्ही मासे अगदी एकसारखे. एकावर एक ठेवता आले असते तर एक रेघ इकडची तिकडे झाली नसती. मी स्वतःच बघत बसलो. मला एका जागी बसता येत नाही म्हणायचात ना तुम्ही सगळे? येऊन बघा.

दुसोक


मुआन, ११ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र तुला मिळेल तोवर साठी होऊन गेली असेल, म्हणजे तुझा सल्ला मला उपयोगाचा नाही. तरी लिहितो, कुणाला तरी सांगायला हवं.

भट्टी छान लागली. पेटवायच्या आधी डुकराचं मुंडकं मांडून सगळ्यांनी नमस्कार घातला, मुंडकं हसत होतं, तो चांगला शकुन. भट्टी निवल्यावर सुरई बाहेर काढली. झिलई चढलेली, थोडी हिरवट, त्याखाली पांढरा बांगडा आणि काळं पाणी. मला वाटलं ओरडावं. ओरडलोच. काकू लग्नाहून आलेली होती. म्हणाली, "आण, पाणी भर, आधी मला पाज. मी तुझे अप्पा."

ती माझ्यासमोर मांडी घालून बसली, कपाळाला आठ्या घालून, थेट अप्पांसारखी. मी गुडघे टेकले, उजव्या हाताने सुरई धरली, डाव्याने कोपराला आधार दिला, जसं मोठ्यांना ओततात तसं. वाकवली. माझ्या बाजूचा मासा झकास पोहायला लागला.

काकू म्हणाली, "नावाड्या, हा मासा मेलाय."

"काय?"

"पोट वर आहे त्याचं."

"काहीतरीच! बघा की, पोट खाली—"

"तुझं असेल खाली. इकडे येऊन बस आणि बघ."

मी तिच्या हातात सुरई दिली आणि तिच्या जागी जाऊन बसलो. तिने वाकवली. ताई, माझ्या समोर एक बांगडा आडवा झाला, पांढरं पोट आभाळाकडे करून.

मी दोन्ही मासे एकसारखे काढले, तिथेच घोळ झाला. दोन्हींचं पोट डाव्या हाताला. पण मागच्याची डावी म्हणजे पुढच्याची उजवी. काकू म्हणाली मागचा आरशात दिसतो तसा काढायला हवा होता. सुरई फिरवून घेतली तरी तेच, कारण दोन्ही अंगं सारखीच. ओतणाऱ्याच्या बाजूला मासा जिवंत, घेणाऱ्याच्या बाजूला बुडालेला. मी इतके दिवस वाकवून वाकवून बघितली, पण माझ्याच बाजूने. आणि उस्ताद माझ्या शेजारी बसलेले!

आम्ही सगळं करून पाहिलं. मनगट उलटं वळवून ओतलं तर पाणी बाहीत जातं. पुढच्या बाजूला वाकवली तर अप्पांना कुठलाच मासा दिसणार नाही, डावीकडच्या लोकांना जिवंत दिसेल, पण उजवीकडच्यांना उलटा. आणि उजवीकडे आई, आत्या आणि मावश्या बसणार. नावाडी परवडले, या बायका त्यांच्याहून जास्त अपशकुन मानतात.

एकच मार्ग आहे. डाव्या हाताने ओतली की अप्पांच्या बाजूचा मासा सुलटा राहतो, आणि माझ्या बाजूचा उलटतो. पण बापाला, साठीच्या दिवशी, डाव्या हाताने? भिकाऱ्याला तरी कुणी देतं का तसं?

दुसरी करायला वेळ नाही, पुढची भट्टी थंडीत लागेल. उस्तादांनी एक कोरी पांढरी सुरई पुढे केली. चांगली आहे, निष्पाप. मी नको म्हटलं. कोरं भांडं घेऊन गेलो तर अप्पा म्हणतील, एवढे महिने काय केलंस? आणि त्याचं उत्तर मला त्या सुरईशिवाय देता येत नाही.

उद्या निघतो. बांगडा बरोबर आहे.

दुसोक


मुआन, ३० ऑक्टोबर

ताई,

आईने तुला कळवलं असेलच, पण आई मंडपातल्या केळ्यांच्या ढिगाबद्दल लिहिणार. म्हणून मी लिहितो.

मी दारात पोचलो तेव्हा अप्पा ओट्यावर बसले होते. माझ्याकडे बघितलं नाही. आईला म्हणाले, "दारात माती पडलीय, झाड." आई खरंच खराटा घेऊन आली, आणि मला मिठी मारून मग झाडलं. काकांचा रेशमी अंगरखा मला घातला, तो इतका मोठा की आत आणखी एक मुलगा मावला असता. काका म्हणाले, "मातीने बाळसं आलं नाही वाटतं."

दुसऱ्या दिवशी मंडपात अप्पा-आई मधोमध, समोर फळं आणि तांदळाचे केक रचलेले, वाळवलेले मासे, माकूल. डावीकडे सगळे नावाडी, उजवीकडे बायका. तुझा फोटो आईने मांडीत ठेवला होता, जर्मनीतल्या पांढऱ्या टोपीतला, त्यामुळे तू माझ्याकडेच बघत होतीस.

मी नमस्कार घातला. गुडघ्यांवर पुढे सरकलो. अप्पांसमोर पेला होता. घेणाऱ्याने तो उचलून धरायचा असतो. अप्पांनी उचलला नाही. हात गुडघ्यांवर, नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे समुद्रावर. चुलतभाऊ मागे खाकरला. मंडपात कुणी चावतसुद्धा नव्हतं.

मी सुरई उजव्या हातात धरली होती. ताई, खरं सांगतो, मी ठरवून काही गेलो नव्हतो. मी सुरई डाव्या हातात घेतली.

"ए! ए! डाव्या हाताने?" काका उठलेच. "बापाला? हे कुठे शिकलास, बहिणीने जर्मनीहून कळवलं काय?"

मी सुरई थोडी वाकवली आणि तशीच धरली. दारू गळ्यापर्यंत आली, सांडली नाही. अप्पांची नजर खाली आली ती माझ्या हातावर, कानशिलात द्यायच्या आधी येते तशी. मग हातावरून सुरईवर.

त्यांच्या बाजूचा मासा पेल्याकडे तोंड करून, पोट खाली ठेवून आडवा होता. ते वाकले. बराच वेळ बघितलं.

"पट्ट्या कुणी काढल्या?"

"मी."

"पाठीवरच्या बरोबर आहेत," अप्पा म्हणाले. "लोक सरळ काढतात." मग म्हणाले, "डावा हात का?"

"उजव्याने ओतली तर तुमच्या बाजूचा मासा उलटतो."

नावाड्यांमध्ये कुजबुज झाली. अप्पांनी हात वर केला, ती थांबली.

"आणि आत्ता तुझ्या बाजूला काय आहे?"

मी माझ्या बाजूच्या माशाकडे पाहिलं. ते थांबून राहिले. होडीवर थांबायचे तसे, जाळं ओढायच्या आधी.

"उलटा आहे," मी म्हटलं.

"अगं बाई," आत्या म्हणाली, आणि कुणीतरी तिला चिमटा काढला असावा, कारण ती "आई गं" पण म्हणाली.

अप्पांनी पेला उचलला. दोन्ही हातांनी, माझ्यासमोर धरला. "मग ओत ना. हात दुखायला लागला असेल."

मी ओतली. थोडी अंगरख्यावर गेली, काकांच्या. अप्पांनी एका दमात पेला रिकामा केला. मला वाटलं झालं, आता नमस्कार घालून मागे सरकायचं. तेवढ्यात ते म्हणाले, "दे इकडे."

त्यांनी सुरई माझ्याकडून घेतली. दोन्हीकडून बघितली, अंगठा खरवडलेल्या पाण्यावरून फिरवला. रिकामा पेला माझ्यापुढे सरकवला. आणि सुरई डाव्या हातात धरली.

काका म्हणाले, "दादा, आता तू पण?"

"उजवा खांदा दुखतोय," अप्पा म्हणाले. ताई, त्याच खांद्याने त्यांनी आदल्या दिवशी एकट्याने मंडपाचे खांब रोवले होते.

त्यांनी सुरई वाकवली. त्यांना डाव्या हाताची सवय नाही. माझ्यासमोर बांगडा हळूहळू आडवा झाला, पोट खाली, पाठ वर, आणि पेल्याकडे पोहायला लागला. पलीकडे, अप्पांच्या डोळ्यांसमोर काय होतं ते मला माहीत होतं, आणि डावीकडे बसलेल्या एकूण एक नावाड्याला माहीत होतं. अप्पा त्या उलट्या माशाकडे सरळ बघत ओतत होते.

"बघतोस काय," म्हणाले. "धर नीट. सांडेल."

मी पेला दोन्ही हातांनी धरला. मोठ्यांसमोर प्यायचं तर तोंड बाजूला वळवून प्यायचं असतं. आपली ही रीत फार चांगली आहे, ताई. मी तोंड समुद्राकडे वळवलं आणि प्यायलो, पाहिजे तितका वेळ लावून, आणि मी वळेपर्यंत अप्पांनीही आपलं तोंड दुसरीकडे केलेलं होतं.

दुसोक